कॅम्पर व्हॅनमधील इन्व्हर्टर मोठ्या लोडवर बंद पडतो : वायरिंगमधील दोष कसा शोधावा

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या कॅम्पर व्हॅनमध्ये १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या मागच्या बाकाखाली समांतर जोडलेल्या आहेत. २००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या सीटमागच्या कपाटात असून दोहोंमध्ये ३५ चौरस मिलिमीटरची सुमारे ४ मीटर केबल आहे. दिवे, पंखा, लॅपटॉप विनातक्रार चालतात; परंतु इंडक्शन शेगडी १६०० वॅटवर लावली की इन्व्हर्टर दोन-तीन सेकंद बीप करतो आणि बंद पडतो. पॅनेलवरचा मीटर १३.१ व्होल्ट दाखवतो. इन्व्हर्टर बदलला, तरी तक्रार तशीच आहे. शिवाय रिसॉर्टच्या पुरवठ्यावर गाडी जोडली की त्यांचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो, आणि एका ठिकाणी टू-पिन ॲडाप्टर लावून वीज घेतल्यावर गाडीच्या दाराला हात लावताच झिणझिण्या आल्या.

सर्वप्रथम एक विनंती. दाराला करंट जाणवला आहे, तेव्हा त्याचे कारण सापडेपर्यंत गाडी बाहेरच्या कोणत्याही पुरवठ्याला जोडू नका. शेगडी बंद पडणे ही गैरसोय आहे. बॉडीत करंट येणे हा जिवाशी खेळ आहे, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाने दाराची मूठ धरली तर पुढे काय होईल हे सांगायला नको. त्याचा तपास खाली सविस्तर दिला आहे. आधी शेगडीचे पाहू, कारण त्यासाठीची मोजमापे बाहेरच्या विजेशिवाय करता येतात.

इन्व्हर्टरच्या दोन बाजूंवरचे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की निम्मा उलगडा होतो. शेगडी २३० व्होल्टच्या बाजूने जेमतेम ७ अँपिअर घेते. तेच १६०० वॅट बॅटरीकडून ओढताना, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली आणि लोडखाली उतरलेला व्होल्टेज हिशेबात घेतला, तर सुमारे १४५ अँपिअर लागतात. एवढ्या करंटवर वाटेतला १ मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, १४५ मिलिव्होल्ट खातो आणि त्या जागी २० वॅटहून अधिक उष्णता निर्माण करतो. घरातल्या वायरिंगमध्ये असा जोड वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही, पण १२ व्होल्टच्या बाजूला तो संपूर्ण यंत्रणा बंद पाडू शकतो.

आता आपल्या केबलचा हिशेब करू. ३५ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या केबलचा रोध दर मीटरला साधारण अर्धा मिलिओहम असतो. जाण्यायेण्याची मिळून ८ मीटर, म्हणजे ४ मिलिओहम. १४५ अँपिअरवर घट सुमारे ०.६ व्होल्ट. ही घट चांगली म्हणता येणार नाही, पण बॅटरी लोडखाली १२.८ च्या आसपास राहिली तर इन्व्हर्टरपाशी १२.२ व्होल्ट पोचायला हवेत, आणि बहुतेक १२ व्होल्टचे इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास उतरल्यावरच लो-व्होल्टेजमुळे बंद होतात. याचा अर्थ, केबल खरोखर ३५ ची आणि तांब्याची असेल, तर एकट्या केबलच्या लांबीने ही तक्रार उद्भवत नाही. आणखी दीड-पावणेदोन व्होल्ट कुठेतरी गळत आहेत, किंवा बॅटरीच हात वर करत आहे. हे ठरवल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नये असे माझे मत आहे. पहिला इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च याच कारणाने वाया गेला असावा.

पॅनेलवरच्या १३.१ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका. तो लोड नसताना आणि बहुधा बॅटरीच्या टोकाशी मोजलेला आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे त्यावरून बॅटरी किती भरलेली आहे हेही नीट कळत नाही. बॅटऱ्या आधी पूर्ण चार्ज करा आणि मगच मोजमाप सुरू करा.

त्यासाठी चांगल्या प्रोबचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा) मिळाला तर उत्तम, मात्र अनेक स्वस्त क्लॅम्प मीटर केवळ एसी करंट मोजतात, हे घेण्यापूर्वी तपासावे. लोड म्हणून इंडक्शन शेगडी वापरू नका. कमी वॅटवर लावलेली शेगडी बऱ्याचदा चालू-बंद होत राहते आणि आकडा स्थिर राहत नाही. रॉडचा हीटर किंवा पाण्याची किटली घ्या. ८०० वॅटच्या एका रॉडला बॅटरीकडून सुमारे ७० अँपिअर लागतात, म्हणजे शेगडीच्या निम्मे. एवढ्यावर इन्व्हर्टर बंद पडणार नाही, निवांत मोजता येईल, आणि वायरिंगमधली घट करंटच्या प्रमाणात वाढत असल्याने मिळालेले आकडे दुप्पट केले की शेगडीच्या वेळची परिस्थिती समजेल.

काम सुरू करण्यापूर्वी हातातली अंगठी, कडे, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो क्षणात लालबुंद होतो. सोडताना आधी निगेटिव्ह सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. मोठा इन्व्हर्टर पुन्हा जोडताना त्याच्या आतले कपॅसिटर एकदम भरतात आणि ठिणगी उडते. शेवटची जोडणी करण्यापूर्वी १२ व्होल्टच्या हेडलाइटच्या बल्बमधून काही सेकंद करंट जाऊ द्यावा. बल्ब विझत आला की केबल जोडावी.

हीटर चालू करून पहिले दोन आकडे टिपा : बॅटरीच्या खुद्द पोस्टवरचा, म्हणजे केबल जोडतात त्या खुंटावरचा व्होल्टेज आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज. प्रोब पोस्टच्या धातूवर टेकवा, लगवर (केबलच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या कडीवर) किंवा नटावर नको, नाहीतर नेमका सदोष जोडच मोजमापाबाहेर राहील. दोन्ही ठिकाणी आकडा सारखाच खाली बसत असेल तर दोष बॅटरीत आहे. बॅटरीवर १२.९ आणि इन्व्हर्टरवर १२ च्या खाली असेल तर दोष वाटेत आहे. दोन्हीकडे चांगला व्होल्टेज असूनही इन्व्हर्टर बंद पडत असेल तर त्याचे ओव्हरलोड किंवा तापमानाचे संरक्षण काम करत आहे. बंद कपाटात हवा खेळत नसेल तर विदर्भातल्या उन्हाळ्यात हे हमखास घडते. चौथी शक्यता लिथियममध्येच दिसते : व्होल्टेज हळूहळू न उतरता एकाएकी शून्यावर जातो. तेव्हा बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे संरक्षक सर्किटने, पुरवठा तोडलेला असतो. आपला इन्व्हर्टर बंद पडण्यापूर्वी दोन-तीन सेकंद बीप करतो, म्हणजे बहुधा त्याला उतरता व्होल्टेज दिसतो आहे. यावरून माझा कौल वाटेतल्या दोषाकडे आहे, तरी मोजून खात्री करावीच.

वाटेतला दोष शोधताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक दुव्याच्या दोन बाजूंना प्रोब लावायचे असतात. हीटर चालू असताना एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर आणि दुसरा इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवला, तर त्या संपूर्ण मार्गात किती व्होल्टेज गळतो ते थेट दिसते. ७० अँपिअरवर ४ मीटर केबलची स्वतःची घट सुमारे ०.१४ व्होल्ट, फ्यूजची आणि चार-पाच जोडांची मिळून आणखी थोडी; ०.२५ च्या आत आकडा आला तर ती बाजू निर्दोष समजावी. निगेटिव्ह मार्ग तसाच मोजा. तो न मोजणे ही फार सार्वत्रिक चूक आहे. फिटर पॉझिटिव्ह केबल निगुतीने टाकतात आणि निगेटिव्ह जवळच्या चासीला बोल्ट मारून मोकळे होतात. रंगावर कसलेला लग, स्पॉट वेल्डचे जोड आणि गंज यांतून १४५ अँपिअर परत येणे अपेक्षितच नसते. इन्व्हर्टरची निगेटिव्ह पॉझिटिव्हएवढ्याच जाडीच्या स्वतंत्र केबलने थेट बॅटरीपर्यंत न्यावी.

ज्या बाजूला घट जास्त आहे तिचे तुकडे पाडत जा : पोस्ट ते लग, लग ते केबलची तार, फ्यूजच्या दोन बाजू, कट-ऑफ स्विचच्या दोन बाजू. चांगला जोड ७० अँपिअरवर ५ ते १० मिलिव्होल्ट दाखवतो. २५ च्या वर गेलेला जोड उघडून पाहावा, आणि शंभराच्या वर गेलेला जोड सापडला की दोषी बहुधा तोच. त्याची दुसरी खूण म्हणजे उष्णता. दीड व्होल्ट १४५ अँपिअरवर गळत असतील तर तिथे दोनशेहून अधिक वॅट उष्णता तयार होते. हीटर पाच-दहा मिनिटे चालवून बंद करा आणि हाताच्या पालथ्या बाजूने प्रत्येक जोड चाचपा. काळवंडलेले किंवा आक्रसलेले इन्सुलेशन, तपकिरी पडलेला फ्यूज होल्डर हे त्याचेच पुरावे असतात.

माझ्या पाहण्यात वारंवार येणारे दोषी ठरावीकच आहेत. पहिला क्रमांक लाल किल्लीच्या कट-ऑफ स्विचचा. त्यावर छापलेला मोठा आकडा पुष्कळदा काही सेकंदांसाठीचा असतो. सलग करंट वाहण्याची क्षमता त्याहून बरीच कमी असते. दुसरा, एसीसाठी बनवलेला एमसीबी (जादा करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या बाजूला लावणे. एसी करंट ५० हर्ट्झवर सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून त्याची ठिणगी आपोआप तुटते. डीसीची तुटत नाही, आणि नेमका शॉर्ट सर्किटच्या वेळी तो एमसीबी उघडूनही आतून जळत राहू शकतो.

तिसरा दोषी नजरेस पडत नाही, कारण तो सुबक हीट-श्रिंकखाली (तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणाऱ्या नळीखाली) झाकलेला असतो. ३५ च्या केबलवर ५० किंवा ७० चा लग घालून तो हातोड्याने किंवा पक्कडीने चेपलेला असतो. हीट-श्रिंक कापून पाहिले तर तारांच्या आणि लगच्या भिंतीमध्ये पोकळी दिसते, तारा काळ्या पडलेल्या असतात आणि जोरात ओढल्यावर केबल किंचित सरकते. योग्य मापाचा तांब्याचा लग हायड्रोलिक क्रिम्पिंग टूलने षटकोनी दाबला की तारा एकजीव होतात. असा जोड आडवा कापला तर वेगवेगळ्या तारा ओळखू येत नाहीत. केवळ सोल्डरवर विसंबलेला लग गाडीसाठी योग्य नाही. जोड तापला की सोल्डर मऊ होते, आणि जिथपर्यंत ते तारांमध्ये झिरपलेले असते त्या कडेला घाटातल्या हादऱ्यांनी तारा तुटू लागतात.

वॉशरचा क्रमही बारकाईने पाहा. लग थेट टर्मिनलच्या तांब्याच्या किंवा पितळेच्या पृष्ठभागावर बसला पाहिजे. त्याच्या वर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. आधी वॉशर घालून त्यावर लग बसवला असेल, तर सगळा करंट त्या स्टीलच्या चकतीतून आणि बोल्टच्या आट्यांतून वाहतो. नट कितीही आवळला तरी असा जोड तापतो. हा दोष दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही.

केबलविषयीही शंका घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली बाजारात तांब्याच्या म्हणून विकल्या जातात. त्यांचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. टोकाची एक तार ब्लेडने खरवडली की आतला चंदेरी रंग उघडा पडतो. हातात घेतल्यावरही ती हलकी लागते. कोकणच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीत खारी हवा अशा केबलच्या उघड्या टोकांची फार लवकर वाट लावते. तशी केबल निघाली तर ती दुरुस्त करत बसू नका, काढून टाका.

बॅटऱ्यांची समांतर जोडणीही तपासायला हवी. इन्व्हर्टरच्या दोन्ही केबली एकाच बॅटरीवरून घेतल्या असतील तर त्या बॅटरीवर अधिक भार पडतो. प्रत्येकीचा बीएमएस १०० अँपिअरचा असेल, तर १४५ अँपिअर समान वाटले गेले तरच काम भागते. वाटणी १०५ आणि ४० अशी झाली, तर पहिली बॅटरी सुटते, सगळा भार दुसरीवर पडतो आणि तीही लगेच सुटते. पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे दोन्हींच्या मार्गाची लांबी सारखी होईल. इन्व्हर्टर पूर्ण २००० वॅटवर चालला तर करंट १८० अँपिअरच्या घरात जातो, तेव्हा या दोन बॅटऱ्यांची मर्यादा जवळ आलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

आता बाहेरच्या पुरवठ्याचा प्रश्न. रिसॉर्टचा आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत आला की नाही एवढेच पाहतो; ३० मिलिअँपिअरची तफावत झाली तर तो ट्रिप होतो. गाडी जोडताक्षणीच तो ट्रिप होत असेल, तर पहिला संशय गाडीच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ कायमचे एकत्र जोडलेले असण्याचा घ्यावा. ही जोडणी मुळात चुकीची नाही. गाडी इन्व्हर्टरवर चालते तेव्हा इन्व्हर्टर हाच वीजस्रोत असतो, आणि स्रोतापाशी न्यूट्रल-अर्थ जोड असल्याशिवाय गाडीतला आरसीसीबी गळती झाल्यावर वेळीच सुटेल याची खात्री देता येत नाही. परंतु बाहेरचा पुरवठा घेतला की हा जोड त्या पुरवठ्याच्या मुळाशी असतो. गाडीत दुसरा ठेवला तर न्यूट्रलचा काही करंट अर्थच्या तारेतून परत जातो आणि आरसीसीबी आपले काम चोख करतो. तो ट्रिप होतो म्हणून प्लगमधली अर्थची तार काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

कायमचा जोड असलेल्या गाडीची अर्थ तोडली, किंवा टू-पिन ॲडाप्टरने ती तुटली, तर काय होते ते पाहा. टू-पिन उलटसुलट बसतो. फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली की गाडी ज्याला न्यूट्रल समजते त्या तारेत फेज येतो, आणि ती तार बॉडीला जोडलेली असल्याने संपूर्ण गाडी २३० व्होल्टवर जाते. रबरी टायरांमुळे ती जमिनीपासून अलग असते, म्हणून काहीच ट्रिप होत नाही. पायांत कोरडी चप्पल असल्यास फक्त झिणझिण्या येतात. चप्पल नसेल किंवा जमीन ओली असेल तर माणूस दगावू शकतो. याहून कमी धोक्याची दुसरी शक्यता अशी की, कायमचा जोड नाही, पण अर्थही नाही. तेव्हा चार्जर आणि उपकरणांमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे बॉडीवर साधारण निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज दिसतो आणि हलका करंट जाणवतो.

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी गाडी पुन्हा बाहेरच्या विजेला लावण्याची गरज नाही. प्लग काढा, इन्व्हर्टर बंद करा, बॅटरी तोडा आणि मीटर कंटिन्युइटीवर (दोन बिंदू जोडलेले असले की वाजणाऱ्या चाचणीवर) ठेवून डिस्ट्रिब्युशन बोर्डातली न्यूट्रल पट्टी व गाडीची बॉडी यांच्यात तपासा. चेंजओव्हर स्विच (इन्व्हर्टर की बाहेरची वीज हे निवडणारा) बाहेरच्या पुरवठ्याकडे असताना मीटर वाजला, तर कायमचा जोड आहे आणि ही व्यवस्था धोकादायक आहे. वाजला नाही, तर आरसीसीबी कशाने ट्रिप होतो ते एकेक उपकरण वेगळे करून शोधावे लागेल. पाणी गरम करण्याचे एलिमेंट आणि ओल शिरलेला बाहेरचा सॉकेट ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

योग्य रचनेत बाहेरच्या पुरवठ्याच्या इनलेटनंतर लगेच गाडीचा स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि डबल पोल एमसीबी असतो. पुढचा चेंजओव्हर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा, म्हणजे इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज कधीही समोरासमोर येणार नाहीत. न्यूट्रल-अर्थ जोड चेंजओव्हरच्या अलीकडे, इन्व्हर्टरच्या बाजूलाच ठेवावा, म्हणजे बाहेरच्या विजेवर जाताच तो आपोआप वेगळा होतो. इन्व्हर्टरच्या बाजूने वेगळा आरसीसीबीही हवा. मात्र इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तिकेत अशा जोडाची परवानगी आहे का ते आधी वाचा. काही स्वस्त इन्व्हर्टरच्या अंतर्गत रचनेत आउटपुटची एक तार बॉडीला जोडली की तो तत्क्षणी जळतो. असा इन्व्हर्टर असेल तर तो या गाडीसाठी योग्य नाही, असेच मी म्हणेन. हे काम परवानाधारक वायरमनकडून, त्याला वरील रचना दाखवून करून घ्या.

शेगडीच्या बाजूने माझा ठाम सल्ला असा की, इन्व्हर्टरच मागच्या बाकाजवळ हलवा. बॅटरीपासून एक मीटरच्या आत, पण बॅटरीच्या अगदी वर नको, आणि हवा खेळेल अशा जागी. मग जड केबल थोडीशीच लागते. ती ७० चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची आणि शुद्ध तांब्याची घ्या, आणि २३० व्होल्टच्या बाजूने तीन-चार मीटर अंतर २.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरने कापा, कारण तिथे केवळ ७-८ अँपिअर आहेत. फ्यूज पॉझिटिव्ह पोस्टपासून वीतभर अंतराच्या आत असावा. २००० वॅटसाठी तो २५० अँपिअरचा लागतो, आणि म्हणूनच ३५ ची केबल चालत नाही : फ्यूज उडण्यापूर्वी केबल जळता कामा नये. लिथियमसाठी क्लास-टी प्रकारचा फ्यूज घ्या. या बॅटऱ्या शॉर्ट सर्किटमध्ये हजारो अँपिअर देऊ शकतात आणि साध्या फ्यूजला एवढा करंट तोडणे झेपेलच असे नाही.

बदल झाल्यावर त्याच हीटरवर तीच मोजमापे पुन्हा घ्या आणि सगळे आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. हजारेक किलोमीटर प्रवास झाला की नट एकदा तपासून घ्या. नवीन जोड हादऱ्यांनी थोडे बसतात. काढून ठेवलेला पहिला इन्व्हर्टर मात्र भंगारात देऊ नका. नव्या जोडणीवर तोही लावून शेगडी १६०० वॅटवर चालवून पाहा. माझ्या अंदाजाप्रमाणे तो धडधाकट निघेल आणि नवा परत करता येतो का हे दुकानदाराला विचारता येईल.